गिअर खाली, आरपीएम वर: ऑटोमॅटिक रेव्ह मॅचिंग नेमकं काय करतं?

मॅन्युअल गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला तो गचका ठाऊक आहे. मुळशीकडून ताम्हिणी घाट उतरताय, पुढे वळण आलं, ब्रेक दाबून वेग कमी केला, तिसऱ्यातून दुसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडीने नाक खाली घातलं, शेजारच्याची मान पुढे गेली, इंजिन एकदम ओरडलं. बरेच जण याला ‘इंजिन ब्रेकिंग’ म्हणून सोडून देतात. पण इंजिन ब्रेकिंग म्हणजे त्यानंतर शांतपणे चालू राहणारी ओढ. गचका हा वेगळाच प्रकार आहे. इंजिन आणि चाकं यांच्या वेगात तफावत होती, आणि ती मिटवायचा भुर्दंड क्लचप्लेटला आणि टायरला भरावा लागला, एवढाच त्याचा अर्थ.

क्लच सोडायच्या आधीच ही तफावत मिटवणं म्हणजे रेव्ह मॅचिंग. पूर्वी हे काम चालकाच्या पायाचं होतं. २००९ च्या निसान ३७०झेडपासून मॅन्युअल गिअरच्या स्पोर्ट्स कार ते स्वतःहून करू लागल्या. तेव्हापासून गाडीवेड्यांमध्ये एक वाद चालू आहे की ही सोय आहे की फसवणूक. माझं मत पुढे येईलच, पण आधी आत काय घडतं ते पाहू.

हा विषय वर्णनापेक्षा हिशोबाने लवकर कळतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला बरोबर एक किलोमीटर. मध्यम कारच्या टायरचा परीघ साधारण दोन मीटर असतो. म्हणजे चाक मिनिटाला ५०० फेरे मारतं. चाक आणि इंजिन यांच्यामध्ये दात्यांच्या चाकांचे दोन टप्पे असतात. एक तुम्ही निवडलेला गिअर, आणि दुसरा कायमचा, ज्याला फायनल ड्राइव्ह म्हणतात. टप्प्याचा आकडा म्हणजे चाकाकडच्या बाजूच्या एका फेऱ्यामागे इंजिनकडच्या बाजूचे किती फेरे. फायनल ड्राइव्ह ४ धरू, तिसरा गिअर १.४ आणि दुसरा २.१. प्रत्येक गाडीत हे आकडे थोडे वेगळे असतात, पण याच घरातले.

तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनचा वेग: ५०० × ४ × १.४ = २८०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला २८०० फेरे.
दुसऱ्या गिअरमध्ये: ५०० × ४ × २.१ = ४२०० आरपीएम.

रस्ता तोच, गाडीचा वेग तोच, फक्त गिअर बदलला आणि इंजिनला दीडपट जोरात फिरावं लागणार. यात घासाघीस नाही. क्लच पूर्ण सुटला की इंजिन आणि चाकं दात्यांनी एकमेकांना बांधली जातात आणि इंजिनला ४२०० वर यावंच लागतं. प्रश्न इतकाच की त्याला तिथवर नेणार कोण, पेट्रोल की टायर?

साध्या पद्धतीने गिअर खाली टाकताना हे काम टायरच्या गळ्यात पडतं. उजवा पाय ब्रेकवर आहे, म्हणजे इंजिनला रेस नाही. क्लच दाबलेला आहे, म्हणजे इंजिन चाकांपासून सुटलेलं आहे. दुसरा गिअर पडेपर्यंत आरपीएम २८०० वरून २००० पर्यंत घसरतो. हवा आहे ४२००. म्हणजे जायचं होतं वर आणि इंजिन गेलं खाली. आता क्लच सोडला की चाकं रस्त्याला धरून इंजिनला फरपटत वर नेतात.

ही फरपट किती मोठी असते? दोन लिटरच्या आसपासचं इंजिन घेऊ. फ्लायव्हील, क्रँकशाफ्ट आणि क्लच मिळून जे जड लोखंड फिरतंय, ते ०.३ सेकंदात २००० वरून ४२०० वर न्यायचं तर दुसऱ्या गिअरमधून चाकांवर अंदाजे ३०० किलो वजनाइतका मागे खेचणारा जोर येतो. गाडी १४०० किलोची आणि मागच्या चाकांनी चालणारी आहे असं समजा. उभी असताना मागच्या चाकांवर ७०० किलो भार आहे. जोरात ब्रेक लावल्यावर वजन पुढे झुकतं आणि मागे साडेपाचशेच्या आसपास उरतं. भर पावसात डांबराची पकड भाराच्या निम्मी धरली, तर मागची चाकं रस्त्याला जास्तीत जास्त २७०-२७५ किलो इतक्याच जोराने धरू शकतात. त्यातला काही भाग ब्रेकने आधीच वापरलेला आहे. वर ३०० ची मागणी आली तर मागची चाकं क्षणभर घसरणार. सरळ रस्त्यावर हे निभावून जातं. वळणात शिरताना मात्र गाडीची शेपटी बाहेर फेकली जाते. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत उलटं होतं. पुढची पकड सुटते आणि स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळ जाऊ पाहते.

इथे एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आहे ना, असं कुणी म्हणेल. एबीएस ब्रेकचा दाब सोडू शकतं, इंजिनची ओढ सोडू शकत नाही. त्यासाठी काही गाड्यांमध्ये वेगळी व्यवस्था असते. चाक घसरतंय हे कळल्यावर ती इंजिनला थोडी रेस देते. पण ती घसरल्यानंतरची धावाधाव झाली. रेव्ह मॅचिंग घसरायच्या आधीचं काम आहे.

उपाय ऐकायला सोपा आहे. क्लच दाबलेला असतानाच ॲक्सिलरेटरला एक नेमका झटका द्यायचा, इंजिन ४२०० ला आलं की क्लच सोडायचा. चालत्या बसमध्ये चढणारा माणूस आधी बसच्या वेगाने दोन पावलं पळतो, तसंच हे. फरक मिटलेला असेल तर क्लचप्लेट घासत नाही, टायरवर बोजा येत नाही, आणि खालच्या गिअरचं इंजिन ब्रेकिंग पूर्ण मिळतं. रेस दिल्याने इंजिन ब्रेकिंग कमी होतं हा एक पक्का गैरसमज आहे. ती रेस इंजिनला योग्य आकड्यावर आणून थांबते, पुढची ओढ जशीच्या तशी असते.

इथे नेहमी एक शंका येते. गिअरबॉक्समध्ये सिंक्रो असतात, मग ते हे काम करत नाहीत का? करतात, पण अर्धंच. सिंक्रो म्हणजे गिअरच्या शेजारची, बहुधा पितळेची, शंकूच्या आकाराची कडी. गिअर पडण्याआधी ती घासून गिअर आणि शाफ्ट यांचा वेग जुळवते, म्हणून कर्रकर्र आवाज न होता गिअर पडतो. मात्र हे घडतं क्लचच्या अलीकडे, गिअरबॉक्सच्या आत. क्लचच्या पलीकडचं इंजिन तेव्हा मोकळंच फिरत असतं, सिंक्रोचा हात तिथवर पोहोचत नाही. कॅडिलॅकने १९२८ मध्ये सिंक्रो आणले. त्याआधी, आणि जड वाहनांमध्ये त्यानंतरही बरीच वर्षं, चालक डबल क्लच मारायचे. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून रेस, पुन्हा क्लच दाबून गिअर. जुन्या ट्रकवर हात बसलेले चालक आजही साध्या गाडीत सवयीने डबल क्लच मारताना दिसतात. सिंक्रोच्या गाडीत त्याची गरज नाही, पण रेसची गरज उरतेच.

अडचण अशी की हे सगळं बहुधा ब्रेक लावलेला असतानाच करायचं असतं, आणि पेडल तीन पण पाय दोनच. डावा पाय क्लचवर अडकलेला. म्हणून शर्यतीतल्या चालकांनी हील अँड टो शोधलं. उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर दाबून धरायचा आणि त्याच पायाची उजवी कड, किंवा टाच वळवून, ॲक्सिलरेटरवर टिचकी द्यायची. अवघड भाग टिचकीचा नाही. टिचकी देताना चवड्याखालचा ब्रेकचा दाब तसूभरही बदलता कामा नये, खरी परीक्षा तिथे आहे. नवशिक्याचा पाय वळला की ब्रेक एकदम जोरात तरी लागतो किंवा सुटतो तरी. त्यातून आपल्याकडच्या बऱ्याच साध्या गाड्यांमध्ये ब्रेकचं पेडल ॲक्सिलरेटरपेक्षा बरंच वर असतं. ब्रेक खोलवर दाबल्याशिवाय दोन्ही एका पातळीत येतच नाहीत. त्यामुळे हळू ब्रेक लावत असाल तर हील अँड टो जवळपास अशक्य होतं.

गाडी हे काम कसं करते ते आता पाहू. यातली खरी कारागिरी मला इथेच दिसते.

पहिली अट म्हणजे ॲक्सिलरेटरला तार नको. जुन्या गाड्यांत पेडलपासून इंजिनच्या थ्रॉटलपर्यंत, म्हणजे हवा आत सोडणाऱ्या झडपेपर्यंत, लोखंडी केबल जायची, तुमचा पाय हलला तरच झडप उघडायची. केबल जाऊन पेडलखाली सेन्सर आणि थ्रॉटलवर मोटर आली, तेव्हा कॉम्प्युटरला स्वतःहून रेस देणं शक्य झालं. दुसरी गोष्ट, क्लच कधी दाबला हे सांगणारा सेन्सर. तिसरी, गाडीचा वेग, जो चाकांच्या किंवा गिअरबॉक्सच्या सेन्सरवरून कळतोच. वर आपण जो गुणाकार केला तो कॉम्प्युटर एका सेकंदात कितीतरी वेळा करतो, गिअरचे आकडे त्याच्या स्मरणात असतात.

चौथी गोष्ट सगळ्यांत अवघड आहे. तुम्ही कुठल्या गिअरला निघालात हे गाडीला कळायचं कसं? ऑटोमॅटिक गाडीत गिअर कॉम्प्युटरच निवडतो, त्यामुळे त्याला उत्तर आधीच माहीत असतं. मॅन्युअलमध्ये ते फक्त तुमच्या डाव्या हाताला माहीत आहे. म्हणून गिअरबॉक्समध्ये, गिअर लिव्हरने हलणाऱ्या दांड्याजवळ, लिव्हर नेमका कुठे आहे हे ओळखणारा सेन्सर बसवलेला असतो. लिव्हर तिसऱ्यातून मागे सरकला आणि न्यूट्रलला आला. तिथून तो डावीकडे झुकला की पहिला किंवा दुसरा, एवढं नक्की झालं. डावीकडून मागे ओढला जाऊ लागला की दुसरा पक्का. दुसऱ्या गिअरचे दाते गुंतायला अजून क्षणभर अवकाश आहे आणि तेवढ्यात थ्रॉटल उघडलेला असतो. तुमच्या हाताचा प्रवास संपायच्या आत गाडीने तुमचा इरादा ओळखून काम सुरू केलेलं असतं.

पुढे आणखी एक बारकावा आहे. ब्रेक जोरात लागलेला असताना अर्ध्या सेकंदात ताशी दहाएक किलोमीटर सहज कमी होतात. गिअर बदलायला घेतला तेव्हा वेग ६० होता, क्लच सोडताना तो ५० झाला. म्हणजे लक्ष्य ४२०० वरून ३५०० वर आलं. माणूस हे कानाने आणि सवयीने सांभाळतो. कॉम्प्युटर मात्र सरकणाऱ्या लक्ष्याचा पाठलाग करत राहतो. थ्रॉटलने हवा आत यायला थोडा उशीर लागतो, म्हणून बारीक दुरुस्ती तो स्पार्कची वेळ मागेपुढे करून साधतो. तुम्ही क्लच सोडेपर्यंत आकडा धरून ठेवतो. फारच वेळ घेतलात तर नाद सोडून इंजिनला परत खाली येऊ देतो.

निसानने याला सिंक्रोरेव्ह मॅच म्हटलं. त्यानंतर २०१४ च्या शेव्हर्ले कॉर्व्हेटमध्ये सात गिअरच्या मॅन्युअलसोबत हे आलं. तिच्या स्टिअरिंगमागचे पॅडल गिअर बदलण्यासाठी नसून रेव्ह मॅचिंग चालू-बंद करण्यासाठी होते. पोर्शने २०१६ च्या ९११ आरमध्ये त्यासाठी वेगळं बटण दिलं. २०१७ ला होंडा सिव्हिक टाइप आर आणि ह्युंदाई आय३० एन, २०२२ ला टोयोटाची मॅन्युअल सुप्रा, अशी ही यादी वाढत गेली. भारतात २०२३ मध्ये आलेली बीएमडब्ल्यू एम२ सहा गिअरच्या मॅन्युअलमध्ये घेता येते आणि तिच्यातही ही सोय आहे.

आपल्याकडे एका नावाने घोटाळा होतो, तो आत्ताच दूर करू. टोयोटा आपल्या रेव्ह मॅचिंगच्या मॅन्युअलला परदेशात आयएमटी म्हणते. भारतात ह्युंदाई व्हेन्यू आणि किया सोनेट २०२० पासून ज्या आयएमटीसह मिळू लागल्या, ती चीज वेगळी आहे. तिथे क्लचचं पेडलच नाही, गिअर तुम्ही हाताने टाकता आणि क्लच मोटर दाबते. जुन्या गाड्यांच्या बाजारात कुणी ‘आयएमटी आहे, रेव्ह मॅच होतं’ असं सांगितलं तर पेडल मोजून घ्या.

क्लचचं पेडल नसलेल्या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गाड्या तर हे काम कधीपासूनच न सांगता करतात. २०१३ साली आलेली, चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय ज्यांनी चालवली असेल त्यांनी खालचा गिअर पडताना इंजिनने दिलेली छोटी हुंकार ऐकलेली आहे.

दुचाकीवाल्यांना तर हे आणखी जवळचं आहे. चाकणलाच बनणाऱ्या केटीएमच्या ३९० ॲडव्हेंचरमध्ये २०२० पासून गिअर वर आणि खाली, दोन्हीकडे टाकताना चालणारा क्विकशिफ्टर आला. क्लच न दाबता पायाने खालचा गिअर टाकला की बाइक स्वतः रेस देते. बजाजच्या डॉमिनारमध्ये दुसरा मार्ग आहे, स्लिपर क्लच. मागच्या चाकाकडून इंजिनला उलटी फरपट बसायला लागली की हा क्लच आपणहून थोडा सैल होतो. म्हणजे एक व्यवस्था तफावत मिटवते, दुसरी तफावतीचा फटका बोथट करते. बाइकवर पुढचा ब्रेक आणि रेस एकाच हातात असल्यामुळे चार बोटांपैकी दोन ब्रेकवर ठेवून मनगटाने टिचकी देणं सरावाने जमतं. कारमध्ये हेच काम पायाकडे आल्यामुळे इतकं जड झालं आहे.

ही सोय काय करत नाही, हेही नीट माहीत असलं पाहिजे. ती चुकीचा गिअर पडण्यापासून वाचवत नाही. ताशी १२० ला पाचव्यातून चौथा टाकायला गेलात आणि घाईत दुसरा पडला, तर वरच्याच गणिताने इंजिनला ८४०० आरपीएमवर जावं लागेल. कॉम्प्युटर तिथवर रेस देणार नाही, पेट्रोलही तोडेल. पण क्लच सुटला की चाकंच इंजिनला फिरवतात, आणि त्यांना पेट्रोल लागत नाही. झडपा पिस्टनला आदळून इंजिन कामातून जाऊ शकतं. तसंच, दुसऱ्यातून पहिला गिअर टाकताना बऱ्याच गाड्या मदत करत नाहीत. आणि गिअर कधी खाली टाकायचा हे तर ती सांगतच नाही.

शेवटच्या मुद्द्यावरच माझं मत उभं आहे. वळण किती आवळत जातंय, पुढे ट्रक दिसतोय का, रस्त्यावर माती वाहून आली आहे का, हे पाहून गिअर ठरवणं म्हणजे गाडी चालवणं. टाचेने दिलेली टिचकी हा त्या निर्णयाचा अंमल आहे. अंमल यंत्राने केला तर चालकाचं काही हिरावलं जात नाही, उलट ओल्या वरंधा घाटात त्याचं सगळं लक्ष रस्त्यावर आणि ब्रेकवर राहतं. म्हणून पावसात आणि अनोळखी घाटात ही सोय चालू ठेवावी असं मी ठामपणे म्हणेन. पण जो केवळ सोयीवरच शिकला, त्याच्या हातात उद्या साधी गाडी आली की त्याचा क्लच पुन्हा गचके देणार. आणि आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक मॅन्युअल गाड्या अजून साध्याच आहेत. त्यामुळे बटण बंद करून हे पायाने करायला शिकणं मला तितकंच मोलाचं वाटतं.

साध्या हॅचबॅकमध्येही सुरुवात करता येते. हील अँड टो लगेच नको. भल्या सकाळी, मोकळ्या सपाट सरळ रस्त्यावर, मागे कुणी नाही हे पाहून, ब्रेक न लावता चौथ्यातून तिसऱ्यात या. त्याआधी एक काम करा. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ५० ला टॅकोमीटरचा काटा कुठे असतो आणि चौथ्यात कुठे असतो, हे पाहून ठेवा. वर धरलेल्या आकड्यांनुसार चौथा गिअर १ धरला तर फरक सातशेच्या आसपास आरपीएमचा येतो. क्लच दाबा, लिव्हर हलवता हलवता ॲक्सिलरेटरला हलकी टिचकी द्या, काटा तिथे आला की क्लच सोडा. सोडताना इंजिनचा आवाज चढला तर रेस कमी पडली. गाडी पुढे ढकलल्यासारखी झाली तर जास्त झाली. घाट उतरताना मात्र गिअर आधीच, वळण सुरू व्हायच्या बरंच अलीकडे बदला. म्हणजे ब्रेक आणि रेस एकाच वेळी द्यायची वेळ येत नाही.

डिझेल गाडीत इंजिनचे फिरणारे भाग जड असतात, त्यामुळे टिचकी थोडी लांब लागते आणि काटाही सावकाश खाली येतो. शिवाय अनेक नव्या गाड्यांमध्ये ब्रेक दाबलेला असताना ॲक्सिलरेटरकडे दुर्लक्ष करण्याची सुरक्षा व्यवस्था असते. हील अँड टो करून पाहणार असाल तर आपली गाडी ब्रेकवर पाय असताना रेस घेते का, हे आधी पार्किंगमध्ये न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून तपासून घ्या. काही गाड्यांत ही व्यवस्था फक्त चालत्या गाडीतच जागी होते, त्यामुळे रस्त्यावर पहिल्यांदा करताना अगदी कमी वेगाने करा.